पायाचा डिपर कुठे बसवायचा? भोक पाडण्याआधीचं काम आणि त्याचे पैसे

ज्यांना ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान टाकायचंय, त्यांच्यासाठी आजचा विषय आहे जुन्या गाडीतला पायाने दाबायचा डिपर स्विच. बसवायचं कसं ते व्हिडिओत दाखवलंय. जागा कशी ठरवायची आणि गिऱ्हाइकाला दर कसा सांगायचा, ते इथे सविस्तर बघू.

विलीज नमुन्याच्या जुन्या महिंद्रा जीप आणि जुन्या ॲम्बेसेडरमध्ये डिपर स्टिअरिंगजवळ नसतो. तो खाली फ्लोअरवर, क्लचच्या डावीकडे असतो. एकदा दाबला की अप्पर, पुन्हा दाबला की डिपर. दोन्ही हात स्टिअरिंग आणि गिअरसाठी मोकळे राहतात. गिअर पडला की डावा पाय रिकामाच असतो, म्हणून हे काम त्याच्याकडे दिलं.

आपल्याकडे अशी गाडी साधारण दोन कारणांनी येते. एक तर फ्लोअरचा पत्रा सडून नवीन टाकलेला असतो, नाहीतर कोणीतरी मूळ स्विच काढून डॅशबोर्डवर साधं बटण लावलेलं असतं. आता मालकाला पायाचा स्विच परत हवा असतो.

पहिलं काम म्हणजे मालकाला विचारा, गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची आहे का? 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात असलेली गाडी तशी नोंदवता येते. अशा गाडीत मनाने नवीन भोक पाडू नका. मॅट उचला, खालून बघा. बुजवलेलं भोक, जुन्या स्क्रूची खूण, वायरीची क्लिप सापडते का ते शोधा. पत्रा बदलायचा असेल तर डेंटरने जुना तुकडा फेकण्याआधी त्यावर पुठ्ठा ठेवून खाका काढून घ्या.

जुनी खूण नसेलच, तर जागा चालकाच्या पायाने ठरवायची. फ्लोअरवर रिकामी जागा दिसली म्हणून तिथे स्विच बसवायचा नाही.

1. जो गाडी चालवणार त्यालाच बसवा. सीट नेहमीच्या जागी, पायात नेहमीची चप्पल किंवा बूट.
2. टाच फ्लोअरवर टेकवून पाय क्लचवरून डावीकडे वळवायला सांगा. चवडा जिथे आपोआप पडतो, तिथे खडूने खूण करा.
3. क्लच पूर्ण दाबून बघा. बूट खुणेला लागत असेल तर जागा डावीकडे सरकवा. मधे दोन बोटं तरी अंतर हवं.
4. मॅट परत टाका. जाड मॅटखाली बटण बुडतं, मग ते पूर्ण दाबलं जात नाही.
5. आता गाडीखाली जा. ब्रेक पाइप, क्लचचा रॉड, सायलेन्सर, चेसिसची पट्टी यातलं काही ड्रिलच्या वाटेत आहे का? असेल तर जागा बदला.
6. आधी बारीक भोक पाडा, खालून खात्री करा, मग मोठं करा. कडेला प्रायमर लावा, नाहीतर गंज तिथूनच सुरू होतो.

वायरिंगला तीन टोकं असतात. एक सप्लाय, एक अप्पर, एक डिपर. ब्रिटिश पद्धतीच्या गाडीत अनुक्रमे निळी, निळी-पांढरी आणि निळी-लाल वायर असते. पण इतक्या वर्षांत किती हात लागलेत सांगता येत नाही, म्हणून टेस्ट लॅम्प लावल्याशिवाय रंगावर विश्वास नको. 60/55 वॅटचे दोन बल्ब अप्परवर 120 वॅट घेतात, म्हणजे 12 व्होल्टवर सुमारे 10 अँपिअर. हा सगळा करंट फ्लोअरवरच्या चिखल-पाण्यातल्या स्विचमधून नेला की त्याचे पॉइंट जळतात. म्हणून फ्यूज टाकून दोन रिले लावा. स्विचमधून फक्त रिलेचा किरकोळ करंट जाऊ द्या.

जागेवर एवढा वेळ का घालवायचा? मालेगाव-वाशीमकडे रात्री जाताना समोरून मोटारसायकल आली, तर डिपर त्याच क्षणी पडला पाहिजे. चालक पायाने बटण चाचपडत बसला, की समोरचा दिपतो आणि याचंही लक्ष रस्त्यावरून जातं. कायद्यालाही हेच हवंय. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला 106 वा नियम म्हणतो, की 8 मीटरवरच्या, डोळे 1.5 मीटर उंचीवर असलेल्या माणसाला झोताने दिपवता कामा नये, किंवा चालकाला झोत तसा खाली वळवता आला पाहिजे. त्यामुळे स्विच बसवल्यावर हेडलाइटचा झोतही भिंतीवर तपासा.

आता पैशाचं. नवीन दुकानदार काय करतो, स्विचची किंमत अधिक शंभर रुपये सांगतो. तीन तास जातात आणि हातात काहीच उरत नाही. हिशोब असा मांडा. समजा स्विच, रिले, फ्यूज, वायर मिळून 900 रुपये आणि तुमच्या तासाचा दर 250. मोजणी अर्धा तास, फिटिंग दीड, वायरिंग आणि चाचणी एक. तीन तासांचे 750. एकूण 1,650. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या गावचे भाव तुम्ही टाका. पण मोजणीचा अर्धा तास बिलात वेगळा लिहा. चुकीचं भोक बुजवायला वेल्डिंग आणि रंग लागतो, हे गिऱ्हाइकाला सांगितलं की तो त्या ओळीवर घासाघीस करत नाही.

काम सुरू करण्याआधी फ्लोअरचे वरून आणि खालून फोटो काढा, खडूच्या खुणेवर मालकाचा होकार घ्या. गाडी देताना त्यालाच सीटवर बसवून खाली न बघता वीस वेळा स्विच दाबायला लावा. एकदाही पाय चुकला, तर बिल नंतर, आधी जागा परत तपासा.