रंगीत प्याल्याचं कूळ कसं ओळखावं

भिलाईजवळच्या रिसालीत एखाद्या घराच्या शोकेसमधून जुना रंगीत, दांडीचा प्याला निघाला की कुणीतरी लगेच म्हणतं, ‘रशियन असणार.’ तर्क निराधार नाही. भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत सहकार्याचा करार 1955 मध्ये झाला, पहिली झोतभट्टी फेब्रुवारी 1959 मध्ये सुरू झाली आणि तिकडचे अभियंते इथे राहून गेले. पण गावाच्या इतिहासावरून प्याल्याचं कूळ ठरत नाही. असाच प्याला दुसऱ्या गावात निघाला तर त्याला ‘बेल्जियम’ म्हणतात. रंगीत, कापीव काचेची फार मोठी परंपरा खरं तर बोहेमियाची, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाची. तेव्हा सांगोवांगी बाजूला ठेवून काचेलाच विचारावं.

टिचकी मारल्यावर घंटेसारखा नाद आला म्हणजे क्रिस्टल, ही समजूत सर्वांत पक्की आहे आणि सर्वांत जास्त फसवते. पातळ, चांगला फुगवलेला साध्या काचेचा प्यालाही सुरेख वाजतो; जाड क्रिस्टल हातात घट्ट धरलं तर बद्द आवाज येतो. क्रिस्टलचं खरं लक्षण त्यातलं शिसं. शिशाने काच जड होते, म्हणून घनता मोजावी. त्याला स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. आधी कोरडा प्याला तोलून घ्या. मग काट्यावर पाण्याने भरलेलं पातेलं ठेवून आकडा शून्यावर आणा. प्याला दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा. तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका, आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. काट्यावर जितके ग्रॅम दिसतील तितकं घनसेंटिमीटर प्याल्याचं आकारमान. वजनाला त्याने भागा. उत्तर 2.5 च्या आसपास आलं तर साधी सोडा-चुन्याची काच. युरोपात 1969 पासूनच्या नियमानुसार लेड क्रिस्टलमध्ये किमान 24 टक्के लेड ऑक्साइड आणि किमान 2.90 घनता लागते. या परीक्षेत प्याल्याला ओरखडाही पडत नाही, म्हणून मला ती सर्वांत आवडते.

पिवळट-हिरव्या काचेबद्दल भीती आणि लोभ दोन्ही असतात. नोटा तपासायच्या यूव्ही टॉर्चखाली ती झळझळीत हिरवी चमकली तर युरेनियम असण्याची शक्यता दाट. मात्र मँगनीज असलेली काचही फिकट हिरवी चमकते, आणि कॅडमियमची पिवळी किंवा नारिंगी. चमकली म्हणजे शंभर वर्षं जुनी, असंही नाही. बोहेमियात रीडेल घराण्याने 1830 च्या दशकात लोकप्रिय केलेली ही काच आजही बनते. कपाटात ठेवलेल्या अशा प्याल्यातून होणारा किरणोत्सर्ग अगदी अल्प असतो. तो फोडू किंवा घासू नये, आणि रोज त्यातून पिऊही नये.

लाल काच म्हणजे सोनं घातलेली, हेही सरसकट खरं नाही. सोन्याने येणारा लाल रंग बहुधा गुलाबीकडे झुकतो. भडक लाल सहसा सेलेनियमचा. नक्षी कापलेल्या जागी पारदर्शक काच दिसत असेल, तर लाल हा वरचा थर आहे. बोहेमियाचा काचकार एगरमान याने 1830 च्या दशकात तांब्याचा असा पातळ लाल लेप शोधून काढला होता. काठाला भिंग लावून आडव्या बाजूने पाहिलं की रंग आरपार आहे की फक्त वरवर, ते कळतं.

बुडबुडे म्हणजे जुनं, साच्याची रेघ म्हणजे नवं, हेही सोडून द्यावं. फिरोजाबादची आजची हातबनावटीची काच बुडबुड्यांनी भरलेली असते, आणि साच्यात तोंडाने फुगवलेल्या जुन्या प्याल्यावरही रेघ राहते. त्यापेक्षा बैठक उलटी करून पाहा. अनेक वर्षं टेबलावर सरकलेल्या प्याल्याच्या बुडाला वेडेवाकडे, बारीक ओरखडे असतात. सँडपेपरने केलेले एकाच दिशेला जातात.

बुडाशी नाव सापडलं तर ते परदेशीच असेल, असं धरू नका. अंताजी काळे यांनी लोकवर्गणीतून उभारलेल्या पैसा फंडातून 1908 मध्ये तळेगाव दाभाड्याला काच कारखाना निघाला. लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिलं आणि परदेशात शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तो उभा केला. पैसा फंडाचं नाव उमटवलेले, वर इंद्रधनुषी झळाळी असलेले ग्लास आज परदेशातले संग्राहक शोधतात. फिरोजाबादच्या जैन ग्लास वर्क्सच्या ग्लासांचंही तेच. ओगलेवाडीचा 1916 चा कारखाना प्रभाकर कंदिलामुळे स्मरणात राहिला, पण पैसा फंड आणि जैनचे ग्लास मात्र आपल्याच लोकांनी भंगारात घातले, याचं मला फार वाईट वाटतं.

प्याल्यात शिसं निघालं तर तो टाकून द्यायची गरज नाही. शिसं पेयात उतरतं ते वेळ आणि आंबटपणा मिळाल्यावर. 1991 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात क्रिस्टलच्या सुरईत काही महिने साठवलेल्या वाइनमधलं शिसं कित्येक पटींनी वाढलेलं आढळलं. पाहुण्यांना एकदा कोकम सरबत द्यायला हरकत नाही. ते रात्रभर त्यात भरून ठेवू नये, आणि लहान मुलांना किंवा गरोदर बाईला रोज त्या प्याल्यातून काही देऊ नये.