बंद बटण, चालू तार

भाईंदर पश्चिमेला माझ्या नानींचे जुने कौलारू घर आहे. भिंतींवर लाकडी पट्ट्या ठोकून त्यांवरून विजेच्या तारा नेलेल्या आहेत. एका पावसाळ्यात मागच्या खोलीतील पिवळा बल्ब गेला, म्हणून मामूंनी तेथे एलईडी दिवा लावला. रात्री बटण बंद केले, तरी दिवा मंद उजळतच राहिला. लहान भाच्याने त्या खोलीत झोपायलाच नकार दिला. मामूंनी दुसरा दिवा आणला; तोही तसाच!

शेवटी वायरमनला बोलावले. त्यांनी बटण बंद ठेवून दिवा काढला आणि होल्डरमधील पिनेला टेस्टर लावला. टेस्टर लागला. "आजी, बटण बंद आहे, पण वीज इथपर्यंत आलेली आहे," ते म्हणाले.

हे कसे होते? दिव्याला दोन तारा लागतात. फेजच्या तारेत सुमारे २३० व्होल्टचा दाब असतो, तर न्यूट्रलमधून प्रवाहाचा मार्ग पूर्ण होतो. कोणतीही एक तार तोडली तरी दिवा विझतो. म्हणून बटण चुकीच्या तारेवर बसवले, तरी ते आपल्या लक्षात येत नाही. मात्र बटण फेजवर असेल, तर बंद केल्यावर वीज बटणापाशीच थांबते. ते न्यूट्रलवर असेल, तर फेज होल्डरमध्ये तशीच राहते. दिवा बदलताना तेथे बोट लागले, तर शरीरातून वीज जमिनीत जाते. म्हणूनच १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत एकट्या न्यूट्रलवर बटण बसवण्यास मनाई होती.

मग इतकी वर्षे दिवा का उजळला नाही? बंद बटणानंतरही ओलसर भिंतीतून आणि तारांतून अगदी थोडी वीज झिरपत असते. साठ वॉटच्या बल्बची तार तेवढ्याने तापत नाही. एलईडीला मात्र तेवढीही पुरते. (बटणातच छोटा दर्शक दिवा असला, किंवा दोन तारा लांबवर शेजारून गेल्या असल्या, तरीही एलईडी असा उजळू शकतो, म्हणून टेस्टरने खात्री करावी लागते.)

ती खोली घराला मागाहून जोडलेली. कोणीतरी बैठकीच्या खोलीतील सॉकेटमधून दोन तारा ओढल्या आणि हाताला लागली त्या तारेवर बटण बसवले. तारांच्या रंगावरूनही काही कळेना, कारण दोन्ही काळ्या होत्या.

वायरमनने प्रथम मेन स्विच बंद केला. मामूंना तेथेच उभे केले, म्हणजे कोणी चुकून तो चालू करू नये. मग सॉकेटमधील त्या दोन तारांची अदलाबदल केली. काम दहा मिनिटांचे. पण ते परवानाधारक वायरमननेच करावयाचे, घरच्या मुलांनी नव्हे.

मेन स्विच चालू करून त्यांनी होल्डरला पुन्हा टेस्टर लावला. खोलीचे बटण बंद होते. टेस्टर लागला नाही.