आंबट चेरी आणि लोणखेड्याची पपई

दिवाळीत फ्रूट सॅलडची वाटी समोर आली की मुलांची नजर आधी लालभडक चेरीवर जाते. आपल्याकडे बेकरीत, आइस्क्रीमवर आणि फ्रूट सॅलडमध्ये जी स्वस्त, पाकवलेली चेरी मिळते, ती बहुतेक वेळा चेरी नसून करवंद असतं. कच्ची करवंदं तोडायची, बिया काढायच्या, मीठ आणि गंधकयुक्त क्षारांच्या पाण्यात ठेवून त्यांचा मूळ रंग उतरवायचा, मग साखरेच्या पाकात टप्प्याटप्प्यानं मुरवून लाल रंग चढवायचा, अशी ती तयार होते. तिच्या शेजारचे टुटीफ्रुटीचे रंगीत तुकडे म्हणजे कच्ची पपई. शहाद्याला लागून असलेल्या लोणखेड्याच्या माणसाला पपईबद्दल नव्यानं सांगायला नको, कारण शहादा तालुका राज्यात ओळखला जातो तोच मुळी पपईच्या बागांसाठी.

म्हणून या फ्रूट सॅलडचा, म्हणजे फ्रूट कॉकटेलचा, विचार लोणखेड्यातून करायला हवा. खरी आंबट चेरी कुठली, तिच्या गुणांची चर्चा कितपत खरी, आणि आपल्या शिवारातल्या फळांबरोबर ती कशी नांदते, हे एकदा नीट समजून घेतलं तर सणाची ही वाटी जास्त चवदार होईल आणि अंगीही लागेल.

चेरीचं मूळ घराणं

कॉकटेलमधल्या चेरीचं मूळ आंबट फळातच आहे. आजच्या क्रोएशियातल्या डाल्मेशिया किनाऱ्यावर, झादर शहराच्या परिसरात ‘मरास्का’ नावाची लहान, गडद आणि चांगलीच आंबट चेरी होते. तिच्यापासून ‘मराश्चिनो’ नावाचं मद्य बनवत आणि त्यातच चेरी मुरवून ठेवत. युरोपातल्या श्रीमंतांच्या मेजवान्यांतून ही चेरी अमेरिकेत पोचली. तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत मद्याची जागा मिठाच्या पाण्यानं, साखरेनं आणि कृत्रिम रंगानं घेतली. पुढे कॅलिफोर्नियातल्या कारखान्यांनी डबाबंद फ्रूट कॉकटेल घरोघरी नेलं. अमेरिकी सरकारनं त्यातल्या फळांचं प्रमाणही ठरवून दिलं: पीच 30 ते 50 टक्के, पेअर 25 ते 45, द्राक्षं 6 ते 20, अननस 6 ते 16 आणि चेरी फक्त 2 ते 6 टक्के.

या प्रवासात चेरीचा आंबटपणा गेला आणि तिचा स्वतःचा रंगही गेला. हे नुकसान मोठं आहे, कारण चेरीच्या ज्या गुणांबद्दल इतकं बोललं जातं, ते बव्हंशी त्या रंगाशीच जोडलेले आहेत. रंग उतरवून पाकवलेल्या चेरीत, मग ती खरी चेरी असो वा करवंद, उरते ती मुख्यतः साखर.

थंडीवर वाढणारं झाड

आंबट चेरीचं शास्त्रीय नाव प्रुनस सेरासस. काश्मीर आणि हिमाचलमधून मे-जूनमध्ये आपल्या बाजारात येणारी ताजी चेरी बहुतेक गोड जातीची, म्हणजे प्रुनस एवियम. आंबट चेरीची आज सर्वांत प्रसिद्ध जात मॉन्टमोरन्सी. तिला पॅरिसजवळच्या एका गावाचं नाव मिळालं असलं, तरी तिचं मोठं उत्पादन अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात होतं. तिथलं ट्रॅव्हर्स सिटी हे गाव चेरीची राजधानी म्हणवून घेतं आणि दर जुलैत चेरीचा उत्सव भरवतं. इराणात आंबट चेरी घालून भात शिजवतात, हंगेरीत उन्हाळ्यात तिचं थंडगार सूप करतात.

या झाडाला फुलोरा येण्यासाठी हिवाळ्यात सुमारे हजार तास 7 अंश सेल्सिअसच्या खालची थंडी लागते. लोणखेड्यात डिसेंबरच्या रात्री गारवा असतो, पण इतकी थंडी कुठून मिळणार? आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे जातो. त्यामुळे इथे चेरीची बाग होणं नाही. पण शेतकऱ्याची चिंता दोन्हीकडे सारखीच. 2012 साली मिशिगनमध्ये मार्चमध्येच अवेळी उष्णता वाढली, झाडं लवकर फुलली आणि नंतर दव गोठवणाऱ्या थंडीनं आंबट चेरीचं सुमारे 90 टक्के पीक गेलं. गारपीट, विषाणूचा रोग किंवा पडलेला भाव यांनी पपईची बाग हातची गेलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे दुःख समजावून सांगावं लागणार नाही.

आरोग्याचा हिशेब

आंबट चेरीत अँथोसायनिन नावाची लाल-जांभळी रंगद्रव्यं भरपूर असतात. प्रयोगशाळेत ती दाह कमी करण्याच्या प्रक्रियांना मदत करताना दिसतात. माणसांवरच्या चाचण्याही झाल्या आहेत. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 14 तरुणांना चेरीचं पेय देऊन दंडाच्या स्नायूंचा कठीण व्यायाम करवला. साधं पेय घेतल्यावर स्नायूंची ताकद 22 टक्के घटली होती, चेरीचं पेय घेतल्यावर 4 टक्केच. 2010 साली लंडन मॅरेथॉनच्या 20 धावपटूंमध्येही चेरीचा रस घेणाऱ्यांची ताकद लवकर भरून आल्याचं आढळलं. 2012 साली 20 निरोगी लोकांना आठवडाभर रस दिल्यावर त्यांची झोप वाढली.

झोपेचं श्रेय चेरीतल्या मेलाटोनिनला दिलं जातं. पण मॉन्टमोरन्सी चेरीच्या एका ग्रॅममध्ये मेलाटोनिन असतं सुमारे 13 नॅनोग्रॅम. म्हणजे 100 ग्रॅम चेरीत जेवढं मिळतं, त्याच्या साडेसातशेपट 1 मिलिग्रॅमच्या गोळीत असतं. चेरीमुळे झोप सुधारत असेल तर त्यामागे इतरही घटक असणार.

गाऊट, म्हणजे युरिक ॲसिड वाढून होणारी सांधेदुखी, हा चेरीचा सर्वांत गाजलेला विषय. 2012 च्या एका अमेरिकी अभ्यासात गाऊटच्या 633 रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा चेरी खाल्लेल्या दोन दिवसांच्या काळात दुखणं उसळण्याचा धोका 35 टक्के कमी दिसला. पण 2020 मध्ये 50 रुग्णांना चेरीचा अर्क चार आठवडे देऊन पाहिला, तर रक्तातलं युरिक ॲसिड कमी झालं नाही. या सगळ्याचा अर्थ असा की आंबट चेरी हे चांगलं फळ आहे, औषध नाही. डॉक्टरांनी दिलेली गोळी तिच्या भरवशावर बंद करू नये.

आता आपल्या पपईकडे पाहू. 100 ग्रॅम आंबट चेरीत क जीवनसत्त्व सुमारे 10 मिलिग्रॅम असतं, तर तेवढ्याच पिकलेल्या पपईत सुमारे 60 मिलिग्रॅम. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाची रोजची गरज 80 आणि स्त्रीची 65 मिलिग्रॅम. म्हणजे पपईच्या दोन-तीन फोडींत ती जवळजवळ भागते. लाल गराच्या पपईत बीटा कॅरोटीन आणि लायकोपीनही असतं. पपईत नसतात ती चेरीसारखी लाल-जांभळी रंगद्रव्यं आणि आंबटपणा. दोन्ही फळं एका वाटीत एकमेकांची उणीव भरून काढतात.

हाताशी काय आहे

फेब्रुवारी-मार्चमध्ये लावलेली पपई दिवाळीच्या सुमारास तोडीला येते. इथे तैवानची ‘786’ जात घरोघरी माहीत आहे. फळावर पिवळा पट्टा दिसला की तोड होते, कागदात गुंडाळलेली फळं ट्रकमध्ये भरली जातात आणि उत्तर भारताकडे निघतात. केळीही याच पट्ट्यातली. सातपुड्यातून सीताफळं येतात, याच दिवसांत आवळा सुरू होतो, पेरू आणि डाळिंब असतंच, नागपुरी संत्रीही येऊ लागतात. धडगावच्या डोंगरात उन्हाळ्यात आदिवासी बाया गावठी कैऱ्या चिरून उन्हात वाळवतात, त्या आमचुराचा आंबटपणा वर्षभर पुरतो.

आंबट चेरी आपल्याला मिळते ती सुकवलेली, मोठ्या शहरातल्या सुक्या मेव्याच्या दुकानात, आणि महाग. ती नसेल तर कोकणातलं आमसूल घ्यावं. कोकमाचा लाल रंगही अँथोसायनिनचाच आणि तोही चेरीप्रमाणे सायनिडिन गटातला. चेरीवरच्या चाचण्यांचे निकाल आमसुलाला जसेच्या तसे लावता येत नाहीत, पण चवीनं आणि रंगानं ते चेरीची जागा सहज घेतं.

कृती: सहा जणांसाठी

*साहित्य:* सुकी आंबट चेरी 60 ग्रॅम किंवा आमसुलं 10-12 आणि चमचाभर गूळ, पिकलेली पण घट्ट पपई अर्धा किलो, डाळिंब 1, पेरू 1, केळी 2, आवळा 1, संत्री 3, लिंबू 1, चारोळी 2 चमचे, भाजलेल्या जिऱ्याची पूड अर्धा चमचा, चिमूटभर काळं मीठ, पुदिन्याची थोडी पानं.

उकळून गार केलेल्या एक वाटी पाण्यात चेरी दोन तास भिजवावी. हे पाणी टाकून देऊ नये, रंग आणि आंबटपणा त्यातच उतरलेला असतो. आमसुलं वापरत असाल तर ती दीड वाटी कोमट पाण्यात अर्धा तास ठेवून कुस्करावीत, पाणी गाळून चमचाभर गूळ घालावा आणि काळं मीठ वगळावं, कारण आमसूल करतानाच त्यात मीठ पडलेलं असतं. सुक्या चेरीला बहुधा आधीच साखर लावलेली असते, म्हणून तिच्याबरोबर वरून साखर घालू नये.

दोन संत्र्यांचा रस काढून या पाण्यात मिसळावा, तिसऱ्याच्या फोडी सोलून घ्याव्यात. आवळा किसून रसात घालावा. पपईचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करावेत, पेरू बिया काढून चिरावा, डाळिंबाचे दाणे सोडवावेत. काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात फळं, भिजलेली चेरी आणि रस एकत्र करून अर्धा तास गार करावं. केळी अगदी वाढायच्या आधी चिरून लिंबाच्या रसात घोळवून घालावी. आम्लामुळे ती लवकर काळी पडत नाही आणि चेरीचा लाल रंगही खुलतो. शेवटी जिरेपूड, मीठ, पुदिना आणि चारोळी. सातपुड्याच्या जंगलातली ही चारोळी फक्त शोभेसाठी नाही: पपईतलं कॅरोटीन अंगी लागायला थोडा स्निग्धांश लागतो, तो तिच्यातून मिळतो.

यात दूध किंवा कस्टर्ड घालू नये. पपईतलं पपेन हे विकर दुधातली प्रथिनं तोडतं आणि थोड्या वेळानं ते कडवट लागतं. दुधातलं फ्रूट सॅलड करायचंच असेल तर सीताफळ, केळी आणि चिकू घ्यावेत, पपई वगळावी.

जपून कुणी खावं

मधुमेह असलेल्यांनी लहान वाटी घ्यावी, केळी कमी आणि पेरू जास्त ठेवावा, फळांचा रस गाळून पिण्यापेक्षा फोडी चावून खाव्यात. मूत्रपिंडाच्या विकारात पोटॅशियमवर बंधन असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही वाटी घेऊ नये. गर्भवतींनी कच्ची, चीक असलेली पपई टाळावी. ताजी चेरी मिळाली तर बिया काढूनच वापरावी, मिक्सरमध्ये बियांसकट फिरवू नये, कारण बीच्या गरातून सायनाइड तयार होऊ शकतं. चेरीत सॉर्बिटॉल असल्यानं एकदम खूप खाल्ली तर पोट बिघडतं.

बांधावर करवंद लावा

शहाद्याच्या परिसरातून फळांचे ट्रक भरभरून बाहेर जातात, मग त्याच गावातल्या मुलाच्या ताटात रोज एक फळ का असू नये? चेरी आपल्याकडे वाढणार नाही. पण तिची नक्कल म्हणून विकलं जाणारं करवंद वाढेल. ते काटेरी, कमी पाण्यावर तगणारं झुडूप आहे, बांधावर लावलं तर कुंपण होतं आणि दोन-तीन वर्षांत फळही देऊ लागतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं ‘कोकण बोल्ड’ ही मोठ्या फळाची जात दिली आहे. जांभळाची ‘कोकण बहाडोली’ जातही तिथलीच. एप्रिल ते जूनमध्ये करवंदं आणि पावसाच्या तोंडावर जांभळं आली की, ज्या लाल-जांभळ्या रंगासाठी जग चेरीकडे पाहतं, तो आपल्या बांधावरच मिळेल, ताजा आणि पाकात न बुडवलेला.

पिकलेल्या करवंदांचा गर साखर कमी घालून आटवून ठेवला, तर पुढच्या दिवाळीतल्या कॉकटेलला आंबट चेरी विकत आणावी लागणार नाही. पपईच्या बागेत ज्यांनी ठिबक बसवलं, नव्या जाती आणल्या, दूरच्या बाजारपेठा धरल्या, त्या शेतकऱ्यांना बांधावर करवंदाची एक रांग जड नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला रोपं लावावीत आणि पहिली फळं घरातल्या मुलांसाठी ठेवावीत.