वसईची मोहीम आणि खाडीचे पाणी

नाशिकला राहून नारोशंकराची घंटा ठाऊक नाही असा माणूस विरळाच. नारोशंकर राजेबहाद्दर यांनी १७४७ साली गोदाकाठी बांधविलेल्या रामेश्वर मंदिराची ती घंटा. तिची घडण पोर्तुगीज असून तिच्यावर १७२१ हे साल आहे. वसईच्या विजयानंतर ती इकडे आली, असे परंपरा सांगते. वसई म्हटले की चिमाजी अप्पांचा निर्धार आणि मराठ्यांचे शौर्य डोळ्यांपुढे उभे राहते, आणि ते योग्यच आहे. परंतु ही मोहीम दोन वर्षे का चालली आणि तिच्यात मिळविलेले पुढे हातचे का गेले, हे समजण्यासाठी शौर्याबरोबर भूगोलही पाहावा लागतो.

उल्हास नदी सह्याद्रीतून उतरते आणि ठाण्याजवळ तिच्या पाण्याला दोन वाटा फुटतात. एक दक्षिणेला ठाण्याच्या खाडीने मुंबई बंदराकडे जाते, तर दुसरी घोडबंदरावरून पश्चिमेला वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते. या दोन वाटांच्या मध्ये साष्टी बेट. चहूकडे तिवरांची झाडी, खाजणे, मिठागरे आणि गुडघाभर चिखल. दिवसातून दोनदा येथे भरती येते व दोनदा ओहोटी लागते. ओहोटीत होडी चिखलात रुतते आणि भरतीत पायवाट नाहीशी होते.

अशा दलदलीसाठी कोणी का लढावे? कारण बांध घालून खारे पाणी अडविले की याच जमिनीत भात पिकते आणि जेथे बांध नाही तेथे मीठ पिकते. शिवाय देशावरून घाट उतरून समुद्राकडे जाणारा माल याच खाड्यांतून जाई. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ साली वसई व तिच्याखालचा मुलूख पोर्तुगीजांस दिला आणि पुढे वसई हे त्यांच्या ‘उत्तर प्रांता’चे मुख्य ठाणे झाले. ज्याच्यापाशी गलबते आहेत त्याला खाडी म्हणजे राजरस्ता, आणि ज्याच्यापाशी घोडदळ आहे त्याला तीच खाडी म्हणजे खंदक. पोर्तुगीजांची दोनशे वर्षांची सत्ता या साध्या गोष्टीवर उभी होती.

तेथील रयतेला मात्र धार्मिक जाच होता. अंजूरच्या गंगाजी नाईकांसारख्या स्थानिक मंडळींनी पेशव्यांकडे धाव घेतली, तेव्हा त्यांच्याबरोबर मराठ्यांना एक मोलाची गोष्ट मिळाली. ती म्हणजे वाटांची माहिती. कोणत्या वेळी कोठून पार होता येते हे तेथे जन्मलेल्यांनाच ठाऊक असते. मार्च १७३७ मध्ये रात्रीच्या अंधारात खाडी ओलांडून मराठे ठाण्यात शिरले. तेथला पोर्तुगीज किल्ला अजून बांधून पुरा झालेला नव्हता. ठाणे पडले आणि साष्टीचे दार उघडले.

वसई मात्र वेगळी होती. तिच्या पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला खाडी आणि पूर्वेला दलदल. मोठे सैन्य पाय रोवून उभे राहील अशी जमीन उत्तरेकडेच. १७३७ साली तिच्यावर केलेले हल्ले फसले. मग मराठ्यांनी सभोवतीची ठाणी एकेक करून घेतली. अर्नाळा पूर्वीच आला होता. १७३९ च्या आरंभी माहीम व तारापूर घेतले. तारापुरास बाजी भिवराव पडले. वसईसमोर खाडीच्या पलीकडच्या तीरावर असलेले धारावी मार्चमध्ये हाती आले. ते हाती येताच खाडीच्या मुखावर मराठ्यांची नजर बसली आणि किल्ल्याकडे येणाऱ्या मदतीची वाट अवघड झाली.

वेढा फेब्रुवारीत बसला होता. पावसाळ्यापूर्वी निकाल लागणे भाग होते, कारण जूनमध्ये कोकणात मोर्चे, सुरुंग आणि दाणावैरण सारेच चिखलात जाते. त्यातच नादिरशहा दिल्लीत शिरल्यामुळे उत्तरेचीही चिंता होती. उत्तरेकडील बुरुजांखाली सुरुंग खणले गेले. काही वेळेवर उडाले नाहीत, आणि आपलीच माणसे तटाला भिडल्यावर उडाले. हजारो माणसे कामी आली व जखमी झाली. अखेर मे १७३९ मध्ये पोर्तुगीजांनी किल्ला सोडला. त्यांना सन्मानाने जाऊ दिले आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेस धर्मपालनाची मोकळीक दिली. वसईचा ख्रिस्ती समाज आजही तेथे नांदत आहे, ही गोष्ट विजयाच्या वर्णनात सहसा येत नाही. ती यावयास हवी.

आता पुढची कथा. जमीन जिंकली, पण ती राखावयाची तर पाण्यावर सत्ता हवी. १७५६ साली पेशव्यांनी इंग्रजांच्या साहाय्याने तुळाजी आंग्र्यांविरुद्ध मोहीम केली आणि विजयदुर्गास त्यांचे आरमार जळून गेले. आंग्रे व पेशवे यांच्या वैराला कारणे होती, परंतु किनाऱ्यावरचे मराठ्यांचे मोठे आरमार त्या आगीत गेले हे खरे. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाणे घेतले, तर १७८० च्या डिसेंबरात वसई. सालबाईच्या तहाने (१७८२) वसई परत मिळाली, पण साष्टी कायमची गेली. १८०२ च्या अखेरच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने स्वातंत्र्य गहाण टाकणारा तह केला तो याच वसईत.

एवंच, वसई घेताना मराठ्यांनी खाडी ओळखली होती: आधी उतार, मग मुख, आणि शेवटी कोरडी बाजू. एका पिढीने हजारो माणसे खर्ची घालून मिळविलेले हे ज्ञान पुढच्या पिढीने कारभारात उतरविले नाही. किल्ल्यावर निशाण चढले की मोहीम संपते, पण किल्ल्याभोवतीचे पाणी रोज दोनदा येते आणि त्याची राखण रोजच करावी लागते.