मलपरीक्षा आणि नमुन्याची निगा

भाताच्या रोवणीचे दिवस आले की चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत पोटाचे विकार डोके वर काढतात. कोणाला आव पडते, कोणाला हगवण लागते. कोणी नुसताच फिका पडतो आणि बांधीत चार तास उभे राहण्याचे त्राण त्याच्या अंगी उरत नाही. तिन्ही तक्रारींवर एकच गोळी घेऊन पाहणे घातक होय. रोगाचे खरे कारण बहुधा मलपरीक्षेनेच उघड होते.

फिकेपणाचेच पाहावे. अंकुशकृमीची अळी ओल्या, सावलीतील मातीतून अनवाणी पायाच्या कातडीत शिरते आणि अखेर आतड्यात ठाण मांडून रक्त शोषते. यांतील एका जातीचा एकेक कृमी रोज सुमारे ०.२ मिलिलिटर रक्त घालवतो. असे शंभर कृमी असले म्हणजे रोजचे चार लहान चमचे रक्त गेले! या भागात सिकलसेलचा विकारही आढळतो. तेव्हा रक्तक्षयाचे खापर तपासणीवाचून कोणा एकावर फोडू नये. अंकुशकृमीची अंडी सूक्ष्मदर्शक यंत्राखाली स्पष्ट ओळखू येतात.

मात्र नमुना बिघडलेला असेल तर उत्तम यंत्रही निरुपयोगी ठरते. आवेतील जिवंत अमीबाची हालचाल शरीराबाहेर लवकरच थांबते. म्हणून पातळ मल अर्ध्या तासाच्या आत तपासला जाणे इष्ट. पर्लकोटेच्या पुराने भामरागडची वाट अनेकदा अडवलेली आहे. अशा मुलखात हे साधणे सोपे नव्हे. यास्तव शक्य असेल तेव्हा रोग्यासच आरोग्य केंद्रात न्यावे. नमुना घरूनच न्यावयाचा झाल्यास डबी कोरडी, रुंद तोंडाची व घट्ट झाकणाची असावी. मूत्र, पाणी अथवा माती मिसळू देऊ नये. रक्त किंवा शेंब दिसेल तो भाग अवश्य घ्यावा. डबीवर नाव व वेळ लिहावी. डबी नेण्याची लाज पुष्कळांना वाटते; कार्यकर्त्याने ती स्वतः हाती घेतली तर ही लाज लवकर मोडते. औषध सुरू करण्यापूर्वीच नमुना द्यावा. एका तपासणीत काही आढळले नाही एवढ्यावरून रोग नाही असे ठरत नाही. अमीबाचे कोष रोज पडतातच असे नाही. त्यासाठी दिवसाआड तीन नमुने तपासावे लागतात.

पटकीची खात्री जंतुसंवर्धनाने होते व त्यास दिवस लागतात. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब सुरू झाल्यास अहवालाची वाट पाहत बसू नये. जलसंजीवनी तत्काळ पाजण्यास आरंभ करावा आणि ती पाजीत पाजीतच रोग्यास केंद्राकडे न्यावे.