मांजर नंतर, आधी तीन पोलरॉइड

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी क्वांटम मेकॅनिक्स शिकायला बसलो आणि पहिले तीन महिने एका मांजरापायी वाया घालवले. श्रोडिंगरचं मांजर. पेटीत बंद, जिवंतही आणि मेलेलंही. कुठलाही व्हिडिओ लावा, मांजर हजर. बघताना सगळं कळल्यासारखं वाटायचं, आणि पुस्तकातलं पहिलं समीकरण आलं की हात टेकायचे. श्रोडिंगरने १९३५ साली ते मांजर कुणाला विषय शिकवायला काढलंच नव्हतं, हे फार उशिरा कळलं. या सिद्धांताचा तेव्हा लावला जाणारा अर्थ ताणत नेला तर किती हास्यास्पद ठिकाणी पोचतो, हे त्याला दाखवायचं होतं. म्हणजे जाणकारांचं आपसातलं भांडण. नवख्याने त्यात पडूच नये.

माझी गाडी रुळावर आणली ती भाचीने. ती भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करते. येताना काळसर, पारदर्शक प्लॅस्टिकचे तीन चौकोनी तुकडे घेऊन आली. “मामा, मांजर ठेव बाजूला. आधी हे बघ.”

ते तुकडे पोलरॉइडचे होते. प्रकाशलहरीचं कंपन आडवं, उभं, तिरकं, कुठल्याही दिशेत असू शकतं; पोलरॉइड त्यातली एकच दिशा पुढे सोडतो. एक तुकडा खिडकीसमोर धरला, उजेड मंदावला. दुसरा त्यावर काटकोनात फिरवून धरला, तर अंधार. इथवर ठीक. मग तिने तिसरा तुकडा त्या दोघांच्या मध्ये सरकवला, तिरका, ४५ अंशांत. खिडकीबाहेरचा आंबा पुन्हा दिसायला लागला! उजेड अडवणाऱ्या दोन भिंतींमध्ये तिसरी भिंत घातली आणि वाट मोकळी झाली. मी दहा वेळा करून पाहिलं.

“आता तोच तुकडा, तोच कोन, पण मधून काढून सगळ्यात शेवटी धर.” धरला. पुन्हा अंधार.

हिशेब सोपा आहे. पहिल्यातून बाहेर पडलेल्या प्रकाशाची दिशा बाणाने दाखवायची. पुढचा तुकडा जितक्या कोनात असेल, त्या कोनाच्या कोसाइनचा वर्ग म्हणजे पलीकडे जाणारा वाटा. ९० अंशांना शून्य, ४५ अंशांना निम्मा. पलीकडे गेलेल्याचा बाण मात्र आता नव्या दिशेत वळलेला असतो, जुनी दिशा पुसली जाते. म्हणून मधल्याने निम्मा सोडला, शेवटच्याने त्याचा निम्मा, एकूण पाव.

एवढं जुना लहरींचा सिद्धांतही सांगतो. खरी गंमत प्रकाश अतिशय मंद करत एकेका फोटॉनवर, म्हणजे प्रकाशाच्या एकेका कणावर आलं की सुरू होते. पाव फोटॉन कधीच सापडत नाही. एक तर अख्खा पार होतो, नाहीतर अख्खा अडतो. कोणता पार होईल हे आधी सांगता येत नाही, सांगता येते फक्त शक्यता, आणि ती तोच कोसाइनचा वर्ग देतो. डिरॅकने आपल्या १९३० च्या क्वांटम मेकॅनिक्सवरच्या ग्रंथात पहिल्याच प्रकरणात फोटॉन आणि ध्रुवण (म्हणजे कंपनाची ठरलेली दिशा) घेतलंय ते उगीच नाही.

आणि तो तुकड्यांच्या क्रमाचा मुद्दा! जून १९२५ मध्ये तेवीस वर्षांचा भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्ग परागकणांच्या ॲलर्जीने बेजार होऊन उत्तर समुद्रातल्या हेलिगोलँड बेटावर गेला. तिथे तेव्हा झाडझाडोरा जवळजवळ नव्हता. तिथे केलेल्या गणितात त्याला एक विचित्र गोष्ट खटकत राहिली: दोन राशींचा गुणाकार क्रम बदलला की बदलत होता. परतल्यावर मॅक्स बॉर्नने ओळखलं, की या तर मॅट्रिक्स. हायझेनबर्गला तोवर मॅट्रिक्स ठाऊकच नव्हत्या. हे वाचून मला भलताच धीर आला. तसा क्रमाचा नियम आपल्याला परका नाही. आधी मोहरी की आधी पाणी, एवढ्यावर फोडणी ठरते.

कणाचं स्थान आणि संवेग यांचे दोन क्रमांनी केलेले गुणाकार वेगळे येतात, आणि तो फरक प्लँकच्या स्थिरांकाने ठरतो. दशांशचिन्हानंतर तेहतीस शून्यं, मग ६६२६, एकक जूल-सेकंद. इतका लहान, म्हणून क्रिकेटच्या चेंडूला त्याची बाधा होत नाही. पण २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या याच स्थिरांकावर टेकलेली आहे, तेव्हा भाजीवाल्याच्या तराजूपर्यंत तो पोचलाच.

प्लँक १९००, आइन्स्टाइन १९०५, बोर १९१३ ही सनावळी सगळीकडे असते, ती मी इथे घेत नाही. अपवाद सत्येंद्रनाथ बोस यांचा. १९२४ साली ढाक्याहून त्यांनी प्लँकच्या नियमाची नवी सिद्धता आइन्स्टाइनला पाठवली. आइन्स्टाइनने स्वतः तिचा जर्मन अनुवाद करून ती छापून आणली.

आता व्यवहाराचं. लागणारं गणित बरंचसं अकरावी-बारावीचं आहे: कॉम्प्लेक्स नंबर, मॅट्रिक्स, व्हेक्टर. कॅल्क्युलस नंतर लागतं. फाइनमनच्या व्याख्यानांचा तिसरा खंड कॅल्टेकच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतो. ग्रिफिथ्सचं पाठ्यपुस्तक मी दुसऱ्या फेरीला घेतलं. शब्दांपासून मात्र सावध राहा. ‘स्पिन’ ऐकून इलेक्ट्रॉन भोवऱ्यासारखा फिरतोय असं मी वर्षभर समजत होतो. तसं चित्र मनात धरलं की पुढची सगळी गणितं अंगावर येतात. ‘पुंजयामिकी’ हा आपला शब्द बरोबर आहे, पण तो ऐकून भाचीसुद्धा हसते.

घरात ध्रुवित काचांचा गॉगल असेल तर एलसीडी पडद्यासमोर धरून हळूहळू फिरवा. एका कोनात पडदा काळा होईल. पडदा हाच तुमचा पहिला पोलरॉइड. मध्ये तिरका धरायला शेजाऱ्याचा गॉगल मागून आणा, आणि मग तोच आपल्या गॉगलच्या अलीकडे, डोळ्याजवळ धरूनही बघा.