डायनोसॉरच्या शेणातलं गवत

संग्रहालयातला उभा सांगाडा पाहिला की वाटतं, माती उकरली आणि जनावर जसंच्या तसं हाती लागलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचा इसिसॉरस हा टायटॅनोसॉर गटातला डायनोसॉर घ्या. भारतातल्या बऱ्यापैकी पूर्ण सांगाड्यांत त्याची गणना होते, तरी कवटीचा पत्ता नाही आणि मागचे पायही नाहीत. चित्रात दिसतं ते डोकं त्याच्या नातलगांवरून बेतलेलं.

बरं, हाडं मिळाली म्हणजे जंगलही कळलं, असंही नाही. कोण राहत होतं ते हाडं सांगतात. आसपास काय उगवत होतं हे विचारायचं तर वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला जावं. तिथल्या मातीत सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या, टायटॅनोसॉरच्या मानल्या जाणाऱ्या लेंड्या सापडतात. आता त्या निव्वळ दगड आहेत, वासाचं नाव नाही.

गवत डायनोसॉर संपल्यावर बऱ्याच काळाने आलं, असं आपण वाचत आलो. पण २००५ साली संशोधक वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी याच लेंड्यांतून गवताच्या निदान पाच प्रकारांच्या खुणा दाखवल्या. खुणा म्हणजे पाती नव्हेत. गवत उपटताना पात्याने बोट कापतं ना, ते त्यातल्या सिलिकामुळे. वनस्पती पेशींमध्ये सिलिकाचे सूक्ष्म कण साठवते. पान कुजतं, पचतं, कण मात्र टिकतो, आणि त्याच्या आकारावरून कूळ ओळखता येतं. या कणांना फायटोलिथ म्हणतात. पुढे २०११ मध्ये तर भाताच्या जवळच्या गवताचीही ओळख पटली.

म्हणून लगेच कुरणात चरणारे डायनोसॉर रंगवू नयेत. त्याच लेंड्यांत ताडवर्गीय झाडं, सूचिपर्णी आणि रुंद पानांच्या वनस्पतीही आहेत. पानांवर वाढणाऱ्या बुरशीचे अवशेषसुद्धा मिळालेत. गवत हा त्यातला एखादा घास. टायटॅनोसॉरांचे पेन्सिलीसारखे दात पाला ओरबाडायला ठीक, गवत दळायला नव्हेत.

आणि हे सगळं लाव्हाने गाडलं असंही नाही. हाडं न् लेंड्या ज्या थरांत आहेत, ते नदी-तळ्यांच्या गाळाचे. लाव्हाचा, म्हणजे दख्खनचा काळा दगड त्यांच्यावर नंतर साचला.

राहता राहिला प्रश्न, ही लेंडी टायटॅनोसॉरचीच कशावरून? त्याच थरांत त्यांची हाडं सर्वाधिक, म्हणून. तो अंदाज आहे, सही-शिक्का नव्हे.